समतोलाभोवतीची गती : दोलने आणि तरंग यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

स्थिर समतोलात असलेली कोणतीही वस्तू तिच्या जागेवरून थोडीशी हलवली की तिला मूळ जागी आणू पाहणारे एक बल निर्माण होते, आणि त्या बलाच्या ओढीने ती जेव्हा मूळ जागी पोहोचते तेव्हा तिच्या अंगी इतका वेग आलेला असतो की तिला तेथे थांबता येत नाही. ती पलीकडे जाते, तिकडून पुन्हा ओढली जाते, आणि घर्षणाने ऊर्जा संपेपर्यंत हा क्रम चालू राहतो. या पुनःपुन्हा होणाऱ्या गतीला दोलन म्हणतात. तिच्या मुळाशी दोनच गोष्टी असतात : समतोलाकडे खेचणारे प्रत्यानयन बल आणि चालू गती टिकवून धरणारे जडत्व. असे दोलणारे असंख्य कण एकमेकांशी बांधलेले असले, तर एका कणाची हालचाल शेजारच्या कणाला मिळते, त्याच्याकडून पुढच्याला, आणि कण आपापल्या जागेभोवतीच हलत राहिले तरी विक्षोभ मात्र दूरवर जातो. विक्षोभाच्या या प्रवासाला तरंग म्हणतात. प्रस्तुत ग्रंथाचा विषय एवढाच आहे. पण त्याचा विस्तार तंबोऱ्याच्या तारेपासून भूगर्भापर्यंत आणि घड्याळाच्या लंबकापासून ताऱ्यांच्या प्रकाशापर्यंत पोहोचतो.

या विस्ताराचे कारण आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पाठ्यपुस्तकांत ते बहुधा समीकरणांच्या गर्दीत हरवते. लंबकाला परत आणणारे बल गुरुत्वाकर्षणाचे असते, तारेला परत आणणारे ताणाचे, हवेच्या थराला परत आणणारे दाबाचे, आणि विद्युत मंडलात तर कोणतीही वस्तू हलत नसून धारित्रावरील विद्युतभार कमीजास्त होत असतो. तरीही या सर्वांचे वर्णन एकाच समीकरणाने होते. हा योगायोग नाही. समतोलापासूनच्या अंतरानुसार स्थितिज ऊर्जा, म्हणजे स्थितीमुळे साठलेली ऊर्जा, कशी वाढते याचा आलेख काढला, तर स्थिर समतोलापाशी त्याला तळ असतो, आणि वाटी उथळ असो वा खोल, तिच्या तळाचा अगदी लहान भाग जसा एकाच प्रकारच्या वक्रासारखा दिसतो, तसा हा तळही, काही अपवाद सोडल्यास, जवळून पाहता परवलयाचाच असतो. ऊर्जेचा आलेख परवलयाचा असणे म्हणजेच प्रत्यानयन बल विस्थापनाच्या प्रमाणात असणे : वस्तू दुप्पट दूर नेली तर तिला दुप्पट बलाने मागे खेचले जाणे. रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये स्प्रिंगच्या संदर्भात प्रसिद्ध केलेला नियम हाच होय. हुक यांनी तो स्थितिस्थापक पदार्थांविषयी मांडला. परंतु लहान विस्थापनांपुरता तो जवळजवळ प्रत्येक स्थिर समतोलाचा नियम आहे, आणि म्हणूनच दोलनांचे शास्त्र एका पदार्थाचे किंवा एका यंत्राचे शास्त्र राहत नाही.

बल विस्थापनाच्या प्रमाणात असेल तर होणाऱ्या दोलनाला सरल आवर्त गती म्हणतात. समतोलापासूनचे कमाल अंतर म्हणजे तिचा आयाम, एक पूर्ण ये-जा होण्यास लागणारा वेळ म्हणजे आवर्तकाल, एका सेकंदात होणाऱ्या आवर्तनांची संख्या म्हणजे वारंवारता, आणि एखाद्या क्षणी वस्तू आपल्या आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे हे सांगणारी राशी म्हणजे कला. या गतीचा सर्वांत महत्त्वाचा गुण असा की आवर्तकाल आयामावर अवलंबून नसतो. दूर नेलेल्या वस्तूला अधिक अंतर कापावे लागते, पण तिला ओढणारे बलही त्याच प्रमाणात अधिक असते, आणि दोन्हींचा हिशेब तंतोतंत जुळतो. कालमापनाचे यंत्र बनवण्यासाठी याहून अनुकूल गुण निसर्गात शोधूनही सापडला नसता.

गॅलिलिओ यांना हा गुण लंबकात दिसला, आणि लंबकाचा आवर्तकाल त्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो हेही त्यांनी ओळखले. मात्र आवर्तकाल कोणत्याही आयामाला सारखाच राहतो ही त्यांची समजूत अचूक नव्हती. लंबकाचे प्रत्यानयन बल विस्थापनाच्या प्रमाणात असते ते केवळ लहान कोनांपुरते. मध्यापासून ३० अंशांपर्यंत जाणाऱ्या लंबकाचा आवर्तकाल अगदी लहान झोक्याच्या मानाने सुमारे १.७ टक्क्यांनी अधिक भरतो. ५ अंशांच्या झोक्यात हा फरक एक टक्क्याच्या विसाव्या भागाइतका उरतो, आणि तोही दिवसभर साठत गेला तर सुमारे ४० सेकंदांचा होतो. ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ रचले तेव्हा दिवसाला सुमारे पंधरा मिनिटे चुकणारी यांत्रिक घड्याळे पंधरा सेकंदांच्या आसपास आली. पण त्यांचे समाधान झाले नाही. लंबकाचे टोक वर्तुळाच्या कंसावरून न जाता चक्रज नावाच्या वक्रावरून गेले तर आवर्तकाल खरोखरच आयामाहून स्वतंत्र होतो, हे त्यांनी भूमितीने सिद्ध केले आणि १६७३ च्या आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केले. व्यवहारात घड्याळजींनी पुढे झोकाच लहान ठेवणे पसंत केले. तरीही नियम कोठपर्यंत लागू पडतो याची मर्यादा मोजून ती ओलांडण्याचा उपाय गणितात शोधण्याची ही रीत या विषयाच्या पुढील सर्व इतिहासाला वळण देणारी ठरली.

लंबकाने लवकरच घड्याळाबाहेरचेही काही सांगितले. १६७२ मध्ये झां रिशेर हे फ्रेंच खगोलज्ञ विषुववृत्ताजवळच्या केयेन येथे गेले असता, पॅरिसमध्ये नीट चालणारे घड्याळ तेथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले, आणि सेकंदाला एक झोका घेणारा लंबक, जो साधारण ९९ सेंटिमीटर लांबीचा असतो, तो तेथे जवळपास तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. गुरुत्वाकर्षणाचा प्रभाव सर्वत्र सारखा नसतो, पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आणि ध्रुवांपाशी चपटी असावी, या अनुमानाला न्यूटन यांनी जे आधार घेतले त्यांत हे मोजमाप प्रमुख होते. दोलन मोजले की दोलणाऱ्या वस्तूभोवतालच्या जगाविषयी माहिती मिळते, हे सूत्र पुढील प्रकरणांत अनेक वेळा भेटेल.

एकदा हलवून सोडून दिलेल्या वस्तूची दोलने घर्षणामुळे हळूहळू मंदावतात. याला संदमन म्हणतात. बाहेरून ठरावीक वारंवारतेने ढकलत राहिल्यास काय होते, हा पुढचा प्रश्न. बाहेरील बलाची वारंवारता वस्तूच्या स्वतःच्या स्वाभाविक वारंवारतेशी जुळली तर प्रत्येक धक्का योग्य कलेत पडतो, ऊर्जा साठत जाते आणि आयाम पुष्कळ वाढतो. याला अनुस्पंदन म्हणतात. या ठिकाणी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातल्या टाकोमा पुलाचे उदाहरण देण्याची प्रथा आहे, आणि ती सोडून द्यावी असे प्रस्तुत ग्रंथाचे मत आहे. १ जुलै १९४० रोजी खुला झालेला हा झुलता पूल त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात पिळवटत कोसळला. परंतु त्या वाऱ्यात पुलाच्या वारंवारतेशी जुळणारा असा कोणताही नियमित धक्का नव्हता. पूल पिळवटू लागला की त्याच्या भोवतीचा वायुप्रवाह बदले, आणि बदललेला प्रवाह त्या पिळवटण्यालाच अधिक ऊर्जा देई. म्हणजे दोलन आपल्या गतीतून आपल्यावरचे बल स्वतःच निर्माण करत होते. अनुस्पंदनात बाहेरील बल वस्तूच्या गतीपासून स्वतंत्र असते, येथे ते तसे नव्हते. विद्यार्थ्याच्या मनात हा भेद पहिल्याच ओळखीत पक्का झाला नाही, तर पुढे वाऱ्याने होणारी कंपने, सतारीच्या नखीने छेडलेली तार आणि गजाने वाजणारे व्हायोलिन यांतील फरक त्याला उमगत नाही.

अनुस्पंदनाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते, आणि ती तितकीच मोलाची आहे. बाहेरील बलाची वारंवारता स्वाभाविक वारंवारतेहून खूप अधिक असेल, तर वस्तू जवळजवळ हलतच नाही. जडत्वामुळे तिला त्या घाईला प्रतिसाद देता येत नाही. सेकंदाला एक आवर्तन करणाऱ्या लंबकाचा आधार सेकंदाला दहा वेळा थरथरला, तर खाली टांगलेल्या वजनापर्यंत त्या थरथरीचा साधारण शंभरावा भागच पोहोचतो. असे चार लंबक एकाखाली एक टांगले तर आदर्श हिशेबाने उरणारा भाग दहा कोटींत एक होतो. गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या लायगो वेधशाळांतील ४० किलोग्रॅम वस्तुमानाचे आरसे अशाच चार टप्प्यांच्या लंबकाला टांगलेले असतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा नोंदवलेल्या गुरुत्वीय तरंगाने चार किलोमीटर लांबीच्या भुजेत घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्याही काहीशेव्या भागाइतका होता. जमिनीची नेहमीची थरथर आरशांपर्यंत पोहोचू दिली असती तर तो कधीच दिसला नसता. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे भारताची जी लायगो वेधशाळा उभारली जायची आहे, तिच्या आरशांना स्थिर ठेवण्याचे कामही याच तत्त्वावर व्हायचे आहे.

दोलनाकडून तरंगाकडे जाताना एकच नवी गोष्ट येते, ती म्हणजे शेजार. कणांची हालचाल तरंगाच्या प्रवासाच्या दिशेला काटकोनात असेल तर तो अवतरंग, त्याच दिशेत पुढेमागे असेल तर अनुतरंग. ताणलेल्या तारेवरचे तरंग पहिल्या प्रकारचे आणि हवेतील ध्वनीचे तरंग दुसऱ्या प्रकारचे असतात. तरंगाचा वेग पुन्हा त्याच दोन गोष्टींवरून ठरतो : माध्यम जितके ताठ, म्हणजे प्रत्यानयन बल जितके अधिक, तितका वेग अधिक, आणि माध्यम जितके जड तितका वेग कमी. नेमके सांगायचे तर वेग हा ताठपणा आणि घनता यांच्या गुणोत्तराचे वर्गमूळ असतो. ध्वनीचा वेग हवेपेक्षा पोलादात कितीतरी अधिक असतो, कारण पोलाद हवेहून हजारो पटींनी जड असले तरी त्याचा ताठपणा त्याहूनही फार मोठ्या पटीने अधिक असतो.

हे सूत्र सरळ दिसते, पण हवेच्या बाबतीत ते बरोबर लागू होण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. न्यूटन यांनी १६८७ च्या आपल्या महाग्रंथात हवेचा ताठपणा तिच्या दाबाइतका मानून ध्वनीचा वेग काढला. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला त्या हिशेबाने उत्तर सेकंदाला सुमारे २८० मीटर येते, तर प्रत्यक्ष वेग सुमारे ३३१ मीटर आहे. मोजमापे न्यूटन यांनाही ठाऊक होती, आणि पुढील आवृत्तीत त्यांनी हवेच्या कणांची जाडी व हवेतील बाष्प यांच्या आधारे हा फरक भरून काढण्याचा जो प्रयत्न केला, तो त्यांच्या प्रतिभेला शोभणारा नव्हता. खरे कारण १८१६ मध्ये लाप्लास यांनी दाखवले. ध्वनीतरंगात हवा दाबली जाते तेव्हा ती तापते, विरळ होते तेव्हा थंड होते, आणि हे सर्व इतक्या त्वरेने घडते की उष्णतेला इकडून तिकडे वाहून तापमान समान करण्यास वेळच मिळत नाही. तापलेली हवा अधिक जोराने उलट ढकलते, म्हणून तिचा ताठपणा दाबाच्या १.४ पट भरतो, आणि १.४ च्या वर्गमुळाने गुणले की २८० चे ३३१ होतात. तरंगाचे सूत्र पहिल्यापासूनच बरोबर होते. माध्यमाविषयीचे ज्ञान अपुरे होते. वेगाच्या हिशेबातील एका विसंगतीने उष्णतेविषयी शिकवले, ही घटना भौतिकीच्या इतिहासातील अत्यंत बोधप्रद घटनांपैकी आहे आणि ती केवळ तळटिपेत टाकण्याजोगी नाही.

घन पदार्थ दाबाला जसा विरोध करतो तसा आकार तिरपा करण्यालाही करतो, म्हणून त्यातून अनुतरंग आणि अवतरंग असे दोन्ही जातात. द्रव पदार्थाचा आकार तिरपा केला तर तो परत येत नाही, म्हणून त्याच्या अंतर्भागातून अवतरंग जात नाहीत. एवढ्या साध्या भेदावर भूगर्भाचे ज्ञान उभे आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी १२ जून १८९७ च्या आसाममधील प्रचंड भूकंपाचा अभ्यास करताना आधी पोहोचणारे अनुतरंग आणि मागून येणारे अवतरंग नोंदींमध्ये वेगळे ओळखले, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळ्या गुणधर्माचा गाभा असल्याचे त्यांनी तरंगांच्या प्रवासकाळावरून दाखवून दिले. कवचात अनुतरंग सेकंदाला सुमारे सहा आणि अवतरंग सुमारे साडेतीन किलोमीटर जातात, त्यामुळे दोहोंच्या आगमनातील सेकंदांना साधारण आठने गुणले की जवळपासच्या भूकंपाचे किलोमीटरमधील अंतर मिळते. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप कोयनेच्या परिसराने सोसला. अशा भूकंपाचे स्थान ठरवण्याची पहिली पायरी आजही हीच आहे.

यानंतर ग्रंथाच्या केंद्रस्थानी असलेला विषय येतो, आणि तो म्हणजे ताणलेली तार. मारँ मर्सेन यांनी १६३६ मध्ये तारेचे नियम प्रसिद्ध केले : वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि एकक लांबीच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ब्रुक टेलर यांनी १७१३ मध्ये ते यांत्रिकीवरून सिद्ध केले. पण तार एकाच प्रकारे हलत नाही. तिची दोन्ही टोके बांधलेली असल्याने टोकांवरून परतणारे तरंग येणाऱ्या तरंगांत मिसळतात आणि स्थिर तरंग बनतो. त्यात काही बिंदू अजिबात हलत नाहीत, त्यांना निस्पंद म्हणतात, आणि त्यांच्या मधोमध सर्वाधिक हलणारे बिंदू असतात, त्यांना प्रस्पंद म्हणतात. तार अखंड एकाच भागात हलू शकते, दोन भागांत हलू शकते, तीन, चार, पाच भागांत हलू शकते, आणि त्या त्या रीतीची वारंवारता मूळच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असते. या पटींना संनाद म्हणतात. प्रश्न असा होता की छेडलेल्या तारेची प्रत्यक्ष हालचाल आणि या सुट्या रीती यांचा संबंध काय.

या प्रश्नावर अठराव्या शतकातील श्रेष्ठ गणितज्ञांनी जो वाद केला तो वाचकाने समजून घ्यावा, कारण विषयाचे मर्म त्यात आहे. द'आलंबेर यांनी १७४७ मध्ये तारेचे तरंगसमीकरण मांडले आणि त्याचे सर्वसाधारण उत्तर म्हणजे एकमेकांविरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन आकारांची बेरीज असे दाखवले. हे आकार एकाच सूत्राने लिहिता येणारे असावेत असा त्यांचा आग्रह होता. ऑयलर यांनी लगेच पुढच्या वर्षी हाताने काढलेला कोणताही आकार चालेल असे प्रतिपादन केले, कारण छेडण्यासाठी बोटाने ओढलेली तार तर कोपरा असलेल्या त्रिकोणासारखी असते. १७५३ मध्ये डॅनियल बर्नुली यांनी तिसरीच भूमिका घेतली : तारेची प्रत्येक हालचाल ही तिच्या सुट्या रीतींची, म्हणजे मूळ आणि संनादांची, योग्य प्रमाणात केलेली बेरीज असते. त्यांचा आधार गणिताहून अधिक कानाचा होता. एका तारेतून अनेक स्वर एकाच वेळी ऐकू येतात हे त्यांना ठाऊक होते. ऑयलर यांना ते पटले नाही. गुळगुळीत वक्रांची बेरीज करून कोपरा कसा मिळेल, ही त्यांची शंका रास्तच होती. फूरिये यांनी १८०७ मध्ये उष्णतेच्या वहनावरील आपला निबंध पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवून अशी बेरीज जवळजवळ कोणत्याही आकारासाठी शक्य असल्याचे सांगितले, तेव्हाही लाग्रांज यांनी विरोध केला. फूरिये यांचा ग्रंथ १८२२ मध्ये निघाला आणि दिरिक्ले यांनी १८२९ मध्ये त्यातील विधानाला काटेकोर अटी व सिद्धता दिली. म्हणजे बर्नुली यांच्या अंतःप्रेरणेला गणिताची संमती मिळण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ गेला.

ही बेरीज शक्य का होते याचे भौतिक कारण पुन्हा तेच आहे. प्रत्यानयन बल विस्थापनाच्या प्रमाणात असेल, तर दोन हालचाली एकाच वेळी घडल्या तरी प्रत्येक हालचाल दुसरी नसल्याप्रमाणेच चालते आणि परिणाम म्हणजे दोहोंची साधी बेरीज होते. याला अध्यारोपणाचा नियम म्हणतात. एकाच खोलीत अनेक आवाज एकमेकांतून जाऊनही बिघडत नाहीत, दोन प्रकाशझोत एकमेकांना छेदून पुढे अबाधित राहतात, ते या नियमामुळे. हा एक नियम पूर्णपणे आत्मसात केलेल्या वाचकाला तरंगशास्त्रातील बाकीच्या गोष्टी त्याची उदाहरणे म्हणून भेटतील. तो न समजता पुढे गेलेल्याला प्रत्येक प्रकरण नवे सूत्र म्हणून पाठ करावे लागेल.

भारतीय संगीताच्या श्रोत्याला या बेरजेचा अनुभव शिकण्यापूर्वीच असतो. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून गांधार आपोआप उमटतो, ज्याला गायक स्वयंभू गांधार म्हणतात. हा त्या तारेचा पाचवा संनाद होय. मूळ स्वराच्या पाचपट वारंवारता दोन सप्तके खाली आणली, म्हणजे चारने भागली, की पाच-चतुर्थांश हे गुणोत्तर मिळते, आणि शुद्ध गांधाराचे ते नैसर्गिक स्थान आहे. हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्याने तिचा गांधार १.२५ ऐवजी सुमारे १.२६ पटीवर, म्हणजे किंचित चढा, लागतो. तंबोऱ्याबरोबर हार्मोनियम ऐकताना जाणकाराला जी बोच जाणवते तिचे कारण या शंभराव्या भागात आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपल्या इंग्रजी पुस्तकात श्रुतींचा विचार अशा वारंवारतांच्या गुणोत्तरांनी केला. त्यांच्या निष्कर्षांविषयी मतभेद असले तरी महाराष्ट्रात संगीत आणि भौतिकी यांना एकत्र आणणाऱ्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना करावी लागते.

तंबोऱ्यात आणखी एक गोष्ट आहे जी सामान्य तारेच्या सिद्धान्तात बसत नाही. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या संनादाचा निस्पंद असेल तो संनाद उमटू नये, असा यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत : तार कोठेही छेडली तरी सर्व संनाद ऐकू येतात. याचे कारण घोडीच्या रुंद, किंचित गोलाई असलेल्या पृष्ठभागात आहे. तार हलताना या पृष्ठभागाला लागत-सुटत राहते, त्यामुळे तिची लांबी क्षणोक्षणी किंचित बदलते आणि एका रीतीतील ऊर्जा दुसऱ्या रीतींना मिळते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावणारा मिरजेचा कारागीर नेमके हेच स्पर्शाचे स्थान ठरवत असतो. येथे रीती एकमेकांहून स्वतंत्र उरत नाहीत, म्हणजे अध्यारोपणाचा नियम मोडतो; आणि जो आवाज कानाला सर्वांत समृद्ध वाटतो तो नियम मोडल्यामुळेच मिळतो.

तबल्याची गोष्ट याच्या उलट आहे. साध्या ताणलेल्या गोल पडद्याच्या रीतींच्या वारंवारता १, १.५९, २.१४, २.३० अशा बेसूर पटींत असतात, म्हणून बहुतेक चर्मवाद्यांना निश्चित स्वर नसतो. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले की भारतीय तालवाद्यांच्या पुडीवर मध्यभागी थरांनी चढवलेली शाई वस्तुमानाची अशी वाटणी करते की या पटी पूर्णांकांजवळ येतात. रामन यांच्या पुढील विश्लेषणानुसार पहिल्या नऊ रीती मिळून पाचच संनादांत गोळा होतात. शाई घोटणाऱ्या कारागिरांनी हा प्रश्न समीकरणाविना सोडवला होता, आणि त्यांच्या उत्तराची अचूकता समजण्यासाठी मात्र समीकरण लागले.

दोन तरंग एकाच जागी आले की कलेनुसार ते एकमेकांना बळ देतात किंवा खोडतात. या व्यतिकरणाच्या आधारे थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रकाश तरंगरूप असल्याचे प्रतिपादन केले. प्रकाशाला हवेसारखे माध्यम लागत नाही. तेथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना जन्म देत पुढे जातात, हे मॅक्सवेल यांनी १८६५ मध्ये मांडले आणि हर्ट्‌झ यांच्या १८८७–८८ मधील प्रयोगांनी सिद्ध झाले. व्यतिकरणाचा उपयोग पाहायचा तर जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीकडे पाहावे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या विस्तारात पसरलेल्या आहेत, आणि प्रत्येक तबकडीला मिळालेल्या तरंगाची कला परस्परांशी ताडून, तेवढ्या रुंदीच्या एकाच दुर्बिणीला दिसला असता तेवढा बारकावा मिळवला जातो. हायड्रोजनच्या अणूपासून निघणारे २१ सेंटिमीटर लांबीचे तरंगही ती टिपते.

आतापर्यंत गृहीत धरले गेले की सर्व वारंवारतांचे तरंग एकाच वेगाने जातात. पाण्याच्या पृष्ठभागावर हे खरे नाही. खोल समुद्रात लांब तरंग आखूड तरंगांहून वेगाने जातात; वेगाच्या या भेदाला अपस्करण म्हणतात. अशा वेळी एकेका शिखराचा वेग आणि तरंगांच्या समूहाचा वेग वेगळे पडतात, आणि ऊर्जा समूहाच्या वेगाने जाते, जो खोल पाण्यात शिखराच्या वेगाच्या निम्मा असतो. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर वारा नसतानाही ज्या लांब लाटा येतात, त्यांपैकी काहींचा उगम दक्षिणेकडील महासागरातील दूरच्या वादळांत असतो. केरळच्या किनाऱ्यावर त्यांना कळ्ळक्कडल म्हणतात. १८ सेकंद आवर्तकालाच्या लाटांचा समूह सेकंदाला १४ मीटर जातो, १४ सेकंदांच्या लाटांचा सुमारे ११ मीटर. वादळ ८,००० किलोमीटर दूर असेल तर पहिल्या लाटा साडेसहा दिवसांनी पोहोचतात आणि दुसऱ्या साडेआठ दिवसांनी. किनाऱ्यावर बसून केवळ लाटांचे आवर्तकाल दिवसेंदिवस कसे घटत जातात ते मोजले, तर न पाहिलेले वादळ किती दूर आणि केव्हा झाले ते काढता येते.

पाण्याच्या खोलीपेक्षा तरंग खूपच लांब असला तर हा भेद नाहीसा होतो आणि वेग केवळ खोलीवरून ठरतो : चार किलोमीटर खोल महासागरात त्सुनामीचा तरंग ताशी सुमारे ७०० किलोमीटर जातो, आणि किनाऱ्याकडे खोली कमी होईल तसा मंदावून उंच होत जातो. उथळ पाण्यात शिखराखाली खोली अधिक आणि दरीखाली कमी असल्याने शिखर दरीहून वेगाने सरकते, लाटेची पुढची बाजू उभी होत जाते, आणि अखेर लाट फुटते. या टप्प्यावर तरंगाची उंची पाण्याच्या खोलीच्या तोडीची झालेली असते, विस्थापन लहान असल्याचे गृहीतक उरत नाही, आणि दोन लाटांचा परिणाम त्यांच्या बेरजेइतका राहत नाही. जवारीचा स्पर्श, टाकोमाचा पूल आणि फुटणारी लाट ही तिन्ही या सीमेपलीकडची आहेत, आणि त्यांच्यासाठी लागणारे अरेषीय गणित प्रस्तुत ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. सीमेच्या अलीकडील प्रांताकरिता वाचकाला त्रिकोणमिती आणि कलनाची प्राथमिक ओळख पुरेशी आहे; पहिल्या प्रकरणात एका स्प्रिंगला टांगलेल्या एका वजनापासून आरंभ केला असून दुसऱ्यात अशी दोन वजने जोडली आहेत, आणि वजनांची संख्या वाढवत नेत तारेपर्यंत पोहोचण्याचा क्रम ठेवला आहे.